एका ओळीत कॅलेंडरची आणि कामांची नोंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

## हा प्रकार नेमका काय आहे?

कॅलेंडरमध्ये काही टाकायचं म्हणजे एरवी फॉर्म भरावा लागतो. नाव, तारीख, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, ठिकाण, आठवण, असं एकेक खण भरत जायचं. त्याऐवजी समोर एकच रिकामी ओळ येते आणि तुम्ही बोलता तसं लिहिता: ‘गुरुवारी दुपारी ३ ते ४ दातांचे डॉक्टर’. ॲप त्यातला वार आणि वेळ वेगळी काढतं, उरलेल्या शब्दांचं शीर्षक करतं आणि नोंद तिच्या जागी ठेवतं. फॅन्टास्टिकल, टूडूइस्ट, टिकटिक, ॲपलचं कॅलेंडर आणि रिमाइंडर्स अशा अनेक ॲपमध्ये ही सोय कमीअधिक प्रमाणात आहे. आउटलुकच्या डेस्कटॉप आवृत्तीत तर तारखेच्या खणातच ‘टू वीक्स फ्रॉम नाऊ’ असं इंग्रजीत लिहिलं, तरी ती तारीख काढून देते.

## फॉर्म भरायला असा कितीसा वेळ लागतो? काही सेकंदांसाठी हे शिकायचं कशाला?

सेकंद वाचतात, पण माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. काम आठवतं ते आपण दुसऱ्याच कशात तरी गुंतलेले असताना. जिना चढताना, फोनवर बोलताना, एखादा मजकूर वाचताना. तेव्हा सहा खणांचा फॉर्म समोर आला की मन म्हणतं, ‘नंतर टाकू’, आणि ते नंतर बहुतेकदा येत नाही. एक ओळ मात्र हातातलं काम न सोडता लिहून होते. म्हणून या सोयीची किंमत ती किती नोंदी भरभर करून देते यावर ठरवू नका. एरवी राहूनच गेल्या असत्या अशा किती नोंदी ती करून घेते, ते बघा.

याच्याच जोडीला एक अट येते आणि ती या पानावर पुन्हा पुन्हा येईल. ॲपला काय समजलं, हे एंटर दाबण्याआधी डोळ्यांखालून घालायचं. चुकीच्या दिवशी पडलेली नोंद ही न केलेल्या नोंदीपेक्षा वाईट, कारण ‘लिहून ठेवलंय’ म्हणून आपण निर्धास्त असतो.

## ही कल्पना नवी आहे का?

नाही. १९८८ मध्ये आलेल्या लोटस अजेंडा या डॉसवरच्या (विंडोजच्या आधीच्या संगणक-प्रणालीवरच्या) प्रोग्रॅममध्ये मोकळ्या भाषेत ओळ लिहिली, की तो त्यातली तारीख ओळखायचा आणि नोंद योग्य वर्गात टाकायचा. गूगल कॅलेंडर २००६ मध्ये सुरू झालं तेव्हापासून त्यात ‘क्विक ॲड’ होतं. त्या नावाची सोय आजही त्यांच्या प्रोग्रॅमरांसाठीच्या एपीआयमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या जोडणीत, आहे: एक वाक्य पाठवा, नोंद तयार होते. २०११ मध्ये मॅकवर फॅन्टास्टिकल आलं आणि त्याने टाइप करतानाच नोंद डोळ्यांसमोर तयार होताना दाखवली. त्याच वर्षी आयफोन ४एसबरोबर सिरी आली आणि हेच काम आवाजाने होऊ लागलं.

## मी लिहिलेलं ॲपला कळतं तरी कसं?

जुन्या आणि अजूनही बहुतेक ठिकाणी असलेल्या पद्धतीत ॲपला वाक्याचा अर्थ वगैरे कळत नाही. त्यात नियमांचा एक संच असतो, ज्याला पार्सर म्हणतात. तो ओळीतून ठरावीक साच्यांचे तुकडे शोधतो: वारांची नावं, महिन्यांची नावं, ‘उद्या’सारखे शब्द, ‘४:३०’सारखे आकडे, ‘ते’ किंवा ‘पासून’ अशी जोडणी. सापडलेले तुकडे तो ‘आत्ता’च्या संदर्भात मोजतो. ‘उद्या’ ही काही तारीख नव्हे. आज कोणता दिवस आहे आणि तुम्ही कुठल्या वेळक्षेत्रात आहात, हे धरल्यावरच तिची तारीख होते. तारीख-वेळ काढून झाली की उरेल ते शीर्षक.

अशा पार्सरच्या तयार लायब्रऱ्याही, म्हणजे प्रोग्रॅमरांना आयते वापरता येणारे कोडचे संच, आहेत. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली क्रोनो, पायथन या दुसऱ्या भाषेतली डेटपार्सर आणि फेसबुकने खुली केलेली डकलिंग ही त्यांतली परिचित नावं. या यंत्रणेचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. ती अडली तरी थांबून विचारत नाही. जे समजलं ते घेते आणि बाकीचं गुपचूप शीर्षकात टाकते. त्यामुळे नोंदीच्या शीर्षकात ‘साडेचारला’ असा शब्द तसाच राहिलेला दिसला, तर वेळ पकडली गेलेली नाही असं ओळखा.

## मग वाक्य कसं लिहावं?

व्याकरण सांभाळायची गरज नाही, पण एक ठरलेला क्रम अंगवळणी पडला तर चुका खूप घटतात. मी सुचवेन तो क्रम असा: आधी काय, मग कोणाबरोबर किंवा कुठे, मग दिवस, शेवटी वेळ. ‘प्रकल्पाची बैठक, दुसरा मजला, मंगळवारी ११ ते १२.’ तारीख आणि वेळ शेजारीशेजारी असली की पार्सरला ती एकाच तुकड्यासारखी दिसते. मध्ये शीर्षकाचे शब्द घुसले, तर काही ॲप वेळ एका बाजूला आणि दिवस दुसऱ्या बाजूला सोडून देतात.

शेवटची वेळही लिहावी. नाही लिहिली तर ॲप स्वतःचा ठरलेला कालावधी लावतं. ॲपलच्या कॅलेंडरमध्ये तो एक तास असतो. वीस मिनिटांच्या फोनसाठी तासभर अडवला, तर दिवस उगाच भरलेला दिसतो आणि पुढच्या भेटी ठरवताना तुम्ही खऱ्या मोकळ्या वेळेलाही ‘नाही’ म्हणता.

## मराठीत लिहिलं तर चालतं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ॲपची बटणं मराठीत असणं आणि ॲपला मराठी वाक्य समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिन्यांची आणि वारांची मराठी नावं युनिकोड या लिप्यांचं मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या सीएलडीआर या सामायिक भांडारात तयार मिळतात, त्यामुळे तारीख मराठीत *दाखवणं* सोपं असतं. मराठीतून तारीख *वाचणं* यासाठी मात्र कोणीतरी वेगळे नियम लिहावे लागतात, आणि ते पुष्कळ ॲपमध्ये लिहिलेले नाहीत. अशा ठिकाणी मधला मार्ग चांगला चालतो: शीर्षक मराठीत आणि तारीख-वेळेचा तुकडा ॲपला कळणाऱ्या भाषेत. शीर्षक कोणत्याही लिपीत असलं तरी पार्सरला फरक पडत नाही.

दुसरी अडचण अंकांची. जावास्क्रिप्टमध्ये अंक शोधण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंक पकडते. पायथन ३ मध्ये तीच खूण देवनागरी अंकही पकडते. म्हणजे ‘५ वाजता’ हे एका ॲपला कळेल आणि दुसऱ्याला कळणार नाही, आणि त्यात तुमची काहीच चूक नसेल. एकदा दोन्ही प्रकारे लिहून पाहा आणि आपल्या ॲपला काय चालतं ते ठरवून टाका.

तिसरी अडचण आपल्या वेळ सांगण्याच्या पद्धतीची. आपण ‘साडेचार’, ‘सव्वापाच’, ‘पावणेसहा’, ‘दीड’, ‘अडीच’ म्हणतो. घड्याळाच्या आकड्यांत हे ४:३०, ५:१५, ५:४५, १:३० आणि २:३०. यांतलं ‘पावणेसहा’ सर्वांत धोक्याचं, कारण अर्धवट समज असलेला पार्सर त्यातला ‘सहा’ तेवढा उचलतो आणि नोंद पंधरा मिनिटं उशिराची होते. पंधरा मिनिटांची चूक नजरेतही भरत नाही. टाइप करताना सरळ ‘५:४५’ लिहावं.

आणि ‘परवा’. हा शब्द मागच्याही दिवसासाठी वापरतात, पुढच्याही. नोंद करताना तो पुढचाच असणार हे आपल्याला कळतं, आणि चांगल्या पार्सरमध्ये संशय आला तर पुढची तारीख धरायची असाच नियम असतो. तरी ‘परवा’ आणि ‘तेरवा’ यांच्याऐवजी वाराचं नाव लिहिणं केव्हाही बरं.

## ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे नक्की कोणता शुक्रवार?

दोन माणसांचंही यावर एकमत होत नाही, मग ॲपचं कसं होणार? आज बुधवार असेल, तर काहींच्या लेखी ‘पुढचा शुक्रवार’ म्हणजे दोन दिवसांनी येणारा, आणि काहींच्या लेखी त्यानंतरच्या आठवड्यातला. पार्सर लिहिणाऱ्याने यांतलं एक निवडलेलं असतं आणि ते ॲपगणिक वेगळं असू शकतं. आठवडा कुठून सुरू होतो यावरही बरंच अवलंबून असतं. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो, पण पुष्कळ कॅलेंडरांत तो रविवारी सुरू होतो. त्यामुळे रविवारी बसून ‘पुढच्या आठवड्यात’ लिहिलं तर उत्तर सेटिंगप्रमाणे बदलतं. सोमवारी ‘सोमवारी’ लिहिलं तर? आजचा की आठवड्यानंतरचा? तिथेही तोच गोंधळ.

उपाय साधा आहे: शंका असेल तिथे वार आणि तारीख दोन्ही लिहा. ‘शुक्रवार १७’. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर काही ॲप कुठलाही इशारा न देता त्यांतलं एकच धरतात, म्हणून इथेही नोंद पाहून मगच पुढे जायचं. पण लिहिताना दोन्ही आठवावे लागल्यामुळे तुमच्या डोक्यातली चूक तिथेच उघडी पडते.

## ‘३/४’ असं लिहिलं तर?

काही देशांत हा ३ एप्रिल, काही देशांत ४ मार्च. ॲप तुमच्या भाषेच्या किंवा प्रदेशाच्या सेटिंगवरून ठरवतं, आणि फोन व संगणक यांची सेटिंग वेगळी असेल तर एकच ओळ दोन ठिकाणी दोन तारखा देईल. महिना नेहमी अक्षरांत लिहा. ‘१३/४’ लिहून सुटलात म्हणून ‘३/४’ही सुटेल असं समजू नका. तेरावा महिना नसतो म्हणून पहिल्या वेळी ॲपला अंदाज बांधता आला, एवढंच.

## रात्री बारा, पहाटे एक: या नोंदी चुकतात का?

फार चुकतात. ‘शनिवारी रात्री १ वाजता गाडी’ असं आपण म्हणतो तेव्हा मनातली वेळ शनिवारची रात्र उलटल्यानंतरची असते. कॅलेंडरच्या हिशेबात तो रविवार. ॲप मात्र शनिवार घेऊन एक वाजता नोंद लावेल. ती दुपारची लागली तर निदान विचित्र दिसते. पहाटेची लागली तर ती पूर्ण चोवीस तास आधीची असते आणि दिसायला अगदी बरोबर वाटते. प्रवासाच्या बाबतीत या चुकीची किंमत मोठी आहे. मध्यरात्रीनंतरच्या वेळा तिकिटावर छापलेल्या तारखेनेच लिहाव्यात, चोवीस तासांच्या घड्याळात: ‘रविवार ०१:००’.

बाराचं तसंच. इंग्रजी पद्धतीत ‘१२ एएम’ म्हणजे मध्यरात्र आणि ‘१२ पीएम’ म्हणजे भरदुपार, आणि हे उलटं धरणारी माणसं भरपूर. ‘रात्री १२ पर्यंत अर्ज भरायचा’ असेल तर २३:५९ लिहा. तारीख कोणत्या बाजूची हा प्रश्नच उरत नाही.

## नुसतं ‘सकाळी’ किंवा ‘रात्री’ लिहिलं तर ॲप कोणती वेळ धरतं?

ज्याने त्याने ठरवलेली. ॲपलच्या मॅकवरच्या कॅलेंडरमध्ये ‘मॉर्निंग’ला सकाळी ९, ‘नून’ला दुपारी १२ आणि ‘नाइट’ला रात्री ८ धरतात. तुमच्या सकाळीची नऊशी गाठ असेलच असं नाही.

## कार्यक्रम म्हणून टाकू की काम म्हणून?

त्या वेळी तुम्हाला कुठेतरी असायला हवं असेल, तर तो कार्यक्रम. कधीतरी, पण अमुक दिवसाच्या आत करायचं असेल, तर ते काम. भेट, वर्ग, गाडी, फोनची ठरलेली वेळ या गोष्टी कॅलेंडरात जातात. अर्ज भरणं, पत्राला उत्तर देणं, दुरुस्तीला टाकणं या गोष्टी यादीत.

गडबड होते ती ‘शुक्रवारपर्यंत’ या शब्दाने. अनेक पार्सर त्यातला ‘शुक्रवार’ घेतात आणि ‘पर्यंत’ सोडून देतात. मग काम शुक्रवारी उगवतं, म्हणजे करायला एकही दिवस हाताशी नसताना. मुदतीच्या कामाला मी दोन तारखा देण्याच्या बाजूचा आहे: सुरू करायचा दिवस आणि मुदत. ॲपमध्ये मुदतीचा वेगळा खण नसेल तर सुरू करायच्या दिवशी काम टाका आणि मुदत शीर्षकातच लिहा. फक्त ती दुसरी तारीख पार्सरने उचलली नाही ना, ते बघा.

## पुन्हा पुन्हा येणारी कामं एका ओळीत टाकता येतात का?

येतात, आणि या सोयीचा सर्वांत मोठा फायदा इथेच होतो. ‘दर सोमवारी सकाळी ९’, ‘दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी’, ‘दर ३ महिन्यांनी’ हे फॉर्ममधून भरताना चार-पाच ठिकाणी बोट न्यावं लागतं. ओळीत ते बोलण्याइतकं सोपं होतं.

पण इथे एक निर्णय आपल्याला करावा लागतो. पुढची फेरी मोजायची कुठून? ठरलेल्या तारखेपासून, की काम प्रत्यक्ष उरकल्यापासून? बिल भरणं ठरलेल्या तारखेलाच येतं, आपण मागच्या वेळी उशीर केला म्हणून पुढचं लांबत नाही. पाण्याचा फिल्टर बदलणं मात्र शेवटचा बदलला तेव्हापासून मोजायला हवं. टूडूइस्टमध्ये यासाठी छान तोड आहे. ‘एव्हरी’ हा शब्द नुसता लिहिला तर ठरलेल्या तारखेपासून मोजणी, आणि त्याला लागून उद्गारचिन्ह दिलं तर काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून. एवढ्याशा चिन्हाने यादीचं वागणं बदलतं. ज्यांच्या यादीत थकलेल्या कामांचा ढीग साचलेला असतो, त्यांनी आपल्या नोंदींत हा फरक आधी तपासावा.

दुसरा मुद्दा ३१ तारखेचा. कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीचं आयकॅलेंडर हे मानक आहे. त्याच्या २००९ च्या आरएफसी ५५४५ या आवृत्तीनुसार ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ अशी नोंद ज्या महिन्याला ३१ तारीख नाही तिथे सरळ गाळली जाते. म्हणजे वर्षातून सातच वेळा येते. तुम्हाला महिनाअखेर हवी असेल तर ‘महिन्याच्या शेवटच्या दिवशी’ असंच लिहा. मानकात त्याची वेगळी सोय आहे. काही ॲप स्वतःच ३० किंवा २८ वर आणून ठेवतात, पण त्या भरवशावर राहू नये.

## शीर्षकातलाच वार ॲपने तारीख म्हणून उचलला तर?

‘मंगळवारच्या बैठकीचे मुद्दे आज लिहिणे’. इथे काम आजचं आहे, पण ओळीत मंगळवारही आहे. टूडूइस्टसारख्या ॲपमध्ये ओळखलेला तुकडा रंगीत होतो. त्यावर क्लिक केलं, की तो पुन्हा साधा मजकूर होतो. काही ॲपमध्ये ही ओळख सेटिंगमधून पूर्ण बंदही करता येते, पण तेवढ्यासाठी ती बंद करू नका. ‘मे’, ‘मार्च’ असे शब्द नावात आले की रंगाकडे जरा जास्त लक्ष द्यायचं.

## चिन्हं लक्षात ठेवणं गरजेचं आहे का?

मुळीच नाही. पण दोन-तीन शिकलात तर ओळ लिहितानाच वर्गवारी होऊन जाते. टूडूइस्टमध्ये # ने प्रकल्प, @ ने लेबल. रिमेंबर द मिल्कमध्ये ^ ने तारीख सांगता येते. प्रत्येक ॲपची चिन्हं वेगळी, त्यामुळे ज्या ॲपमध्ये रोजचा वावर आहे त्याचीच शिका.

## दुसऱ्या देशातल्या माणसाबरोबर भेट असेल तर?

तिथे संक्षेप टाळा. ‘आयएसटी’ भारताची प्रमाणवेळ आहे, इस्राएलची आहे आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही. ‘सीएसटी’ अमेरिकेच्या मध्य भागाची आणि चीनचीही. शहराचं नाव निवडून वेळक्षेत्र लावणं सुरक्षित, आणि हे काम ओळीपेक्षा फॉर्ममध्येच करावं. दर आठवड्याच्या भेटी असतील तर आणखी एक गोष्ट: उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेणाऱ्या देशांत वर्षातून दोनदा तुमच्या बाजूची वेळ तासाने सरकेल. भेट ज्याच्या घड्याळाने ठरली आहे, त्याचं वेळक्षेत्र नोंदीला द्या.

## बोलून टाकलेल्या नोंदी विश्वासार्ह असतात का?

यात चुकायच्या जागा दोन असतात: आधी आवाजाचे शब्द होतात, मग शब्दांची तारीख. हात मोकळे नसतील तेव्हा जरूर वापरा, पण नोंद मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय चालू ठेवा. माणसांची आडनावं आणि सारख्या उच्चाराचे आकडे इथे हमखास घोटाळा करतात.

## आता एआय सहायक आहेत. मग हे पार्सर कशाला?

एआयची मोठी भाषा मॉडेलं पार्सरपेक्षा खूप जास्त समजून घेतात. ‘पावणेसहा’ही आणि ‘बैठक संपल्यावर अर्ध्या तासाने’ही. लांबलचक निरोपातून तीन भेटी वेगळ्या काढायच्या असतील तर ती फारच उपयोगी. मराठीसाठी तर हा मोठा आधार आहे.

पण मॉडेलला आजची तारीख आपोआप माहीत नसते. ॲपने ती पुरवावी लागते, नाहीतर ‘उद्या’ कोणता हे ते ठरवणार कशावरून? शिवाय पार्सर चुकतो तेव्हा वेळ शीर्षकात पडलेली दिसते. मॉडेल चुकतं तेव्हा नोंद नीटनेटकी, भरगच्च आणि चुकीची असू शकते. तुम्ही न सांगितलेलं ठिकाणही त्यात आलेलं असू शकतं. म्हणून सहायकाने नोंद थेट करण्याऐवजी आधी दाखवावी आणि तुमच्या होकारानंतर टाकावी, असंच सेटिंग ठेवा. रोजच्या छोट्या नोंदींसाठी मला अजूनही पार्सरच आवडतो. तो एकाच वाक्याला नेहमी एकच उत्तर देतो, आणि त्यामुळेच हाताला त्याची सवय होते.

## माझ्या नोंदी कोण वाचतं?

काही ॲप ओळ तुमच्याच उपकरणावर वाचतात, काही ती सर्व्हरवर पाठवतात. एआय सहायक बहुधा पाठवतातच. डॉक्टरांच्या भेटी, वकिलांची नावं, मुलांच्या शाळेच्या वेळा हे सगळं या ओळींत असतं, तेव्हा गोपनीयतेचं पान एकदा वाचा. सामायिक कॅलेंडर असेल तर आधी हे बघा की झटपट नोंद कोणत्या कॅलेंडरात पडते. तुमची खाजगी भेट सगळ्या कार्यालयाला दिसण्याचं नेहमीचं कारण चुकीचं मूळ कॅलेंडर (न सांगता नोंद ज्यात पडते ते) हेच असतं.

## नोंद केली होती, पण दिसत नाही. कुठे गेली असेल?

तारखेने शोधू नका, कारण तारीखच चुकलेली असण्याची शक्यता जास्त. शीर्षकातला एखादा वेगळा शब्द घेऊन शोधा. सापडली नाही तर कामांच्या यादीतला इनबॉक्स बघा. तारीख न कळलेल्या नोंदी तिथे पडून असतात. तिथेही नसेल तर पुढच्या वर्षीची तीच तारीख बघा. उलटून गेलेला दिवस लिहिला गेला असेल, तर पुष्कळ ॲप तो पुढच्या वर्षीचा धरतात.